मामाजींचा पट आणि वगळण्याचा प्रस्ताव

मला मारामारी बघायला आवडते. बायकांनी हे कबूल करायचं नसतं, म्हणून सुरुवातीलाच कबूल करून मोकळी होते. करायला नाही आवडत. आयुष्यात एकदाच एका माणसावर हात उगारला, तो माझा नवरा होता, हातात शाळेचं हजेरीपुस्तक होतं, आणि लागलं माझ्याच मनगटाला. पण समोर दोन माणसं बाह्या सरसावू लागली की माझे पाय तिथेच रुततात. पिशवीतली मेथी कोमेजते, बस निघून जाते, आणि मी पापणी न हलवता उभी असते. आईला वाटायचं, पोरगी भित्री आहे, भांडण पाहून थिजते. आईचा हा गैरसमज मी कधी दूर केला नाही.

अशा मुलीचं लग्न ज्या घरात व्हायला हवं त्याच घरात झालं. लाखांदूरहून थोडं आत आमचं गाव. गावाला तलाव, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, धानाच्या बांध्या, आणि पाळीच्या दुसऱ्या टोकाला दुसरं गाव. दोन्ही गावांतल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक पुरुषाच्या अंगावर एक तरी खूण आहे, आणि ती कुणामुळे हे विचारलं की बोट तलावापलीकडे जातं. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, खूण डाव्या कानावर. खरं तर कानावर नाही, कान जिथे असायला हवा तिथे. वरचा अर्धा कान नाहीच. लग्नात पाया पडायला वाकले आणि उठताना मला तो कान दिसला. मनात म्हटलं, इथे आपलं जमेल.

कानाची हकीकत मी पहिल्या महिन्यातच मामाजींकडून काढून घेतली. पुढच्या पंचवीस वर्षांत ती इतक्यांदा ऐकली की आता मी स्वतः तिथे होते असंच मला वाटतं.

आमच्या गावचा शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. अंतिम फेरी. एका बाजूला मामाजींची जोडी, दुसऱ्या बाजूला पाळीपलीकडच्या त्यांच्या वैऱ्याची. त्यांना मी पलीकडचे म्हणते, कारण आमच्या घरात त्यांना याहून सभ्य शब्द नाही. दोघेही आपली जोडी स्वतःच हाकणारे धुरकरी, दोघेही तेव्हा पंचेचाळिशीचे, दोघांच्याही हातात तुतारी, म्हणजे वाजवायची नव्हे, बैलाला टोचायची. बैल सुटले. धुळीचा असा लोट उठला की प्रेक्षकांना एकमेकांची तोंडं दिसेनात. शेवटच्या रेषेवर पंच झेंडी घेऊन उभा. मामाजींच्या मते त्यांचे बैल हातभर पुढे होते, पंचाने त्यांच्या बाजूला झेंडी वर केली आणि ते न सोसून पलीकडचे गाडीतून उडी मारून अंगावर आले.

मग काय झालं ते मामाजी उभे राहून सांगत. बसून सांगता येत नसे. तुताऱ्या फिरल्या, गाड्यांची जुवं निघाली, कुणीतरी भज्यांच्या कढईत पडता पडता वाचला आणि कढईच दुसऱ्याच्या पायावर गेली. एकाच्या गळ्याचं हाड मोडलं, एकाची बोटं चाकाखाली आली. एक माणूस बैलाखाली लपला, त्याला बैलानेच बाहेर काढलं. आणि मध्यभागी हे दोघे मातीत लोळत होते. मामाजींनी त्याची मान काखेत दाबली होती. त्याला हात हलवता येईना, पाय हलवता येईना. मोकळं होतं फक्त तोंड, आणि तोंडासमोर होता मामाजींचा कान.

“काकडी खाल्ल्यावानी आवाज आला बाई,” मामाजी सांगत. “मले वाटलं, हा भांडता भांडता काहून खाऊन राहिला?”

मग त्यांनी जो ठोसा मारला त्यात पलीकडच्यांचे समोरचे तीन दात गेले. कानाचा तुकडा कुणालाच सापडला नाही. दात मात्र सापडले. मामाजींनी ते काडेपेटीत घालून देवळीत ठेवले होते. दिवाळीची साफसफाई करताना सासूबाईंनी ते चुलीत टाकले. त्यावरूनही एक भांडण झालं, पण ते किरकोळ होतं.

या सगळ्यात एकच गोष्ट राहून गेली. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पट तिथेच मोडला, फोटोवाला पळाला, आणि मामाजी जिंकले हे आमचं अंगण सोडून जगात कुठेही लिहिलेलं नव्हतं. मग बैल म्हातारे होऊन मेले. मामाजींचं वय अठ्ठ्याहत्तर झालं.

ते लिहिलं मी. लाखांदूरच्या एका शाळेत मी ग्रंथपाल आहे. ग्रंथालयात एक कंप्युटर आहे आणि दुपारी कुणी पुस्तक मागायला येत नाही. तिथे मला त्या ऑनलाइन ज्ञानकोशाचा नाद लागला, ज्यात कुणीही लेख लिहू शकतो आणि कुणीही दुसऱ्याचा लेख दुरुस्त करू शकतो. मी तलावांवर लिहिलं, धानाच्या वाणांवर लिहिलं, मग एके दिवशी धीर करून आमच्या गावच्या पटावर लिहिलं. त्यात एक परिच्छेद त्या अंतिम फेरीचा होता. पंचाने झेंडी कुणाच्या बाजूला वर केली, ते स्पष्ट लिहिलं. मामाजींचं पूर्ण नाव लिहिलं. कान मात्र वगळला, कारण ज्ञानकोशाची भाषा सोज्वळ असावी लागते.

मामाजींना मोबाइलवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, “अखीन वाच.” मी पुन्हा वाचलं. ते म्हणाले, “आता हळू वाच.” त्या दिवसापासून घरी आलेल्या प्रत्येक माणसाला चहाच्या आधी लेख मिळू लागला. आठवडी बाजारात मामाजी माझा मोबाइल मागून नेत आणि कांदेवाल्याकडून मोठ्याने वाचून घेत. “पूरी दुनिया पाहून राहिली,” ते म्हणत. दुनियेत त्या लेखाला महिन्याला नऊ-दहा वाचक होते, त्यांतले आठ मामाजींनी धरून आणलेले. पण हे मी त्यांना कशाला सांगू?

दोन वर्षं हे सुख चाललं. मग एका बुधवारी मी कंप्युटर उघडला तर लेखाच्या डोक्यावर एक लाल चौकट. हा लेख वगळण्यासाठी प्रस्तावित आहे. कारण: एकही संदर्भ नाही, विषयाची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही, लेखकाचे विषयाशी नाते असावे असा संशय. चर्चेसाठी सात दिवस.

घरी जाऊन मामाजींना सांगितलं.

“वगळाचं म्हंजे?”

“काढून टाकायचं, मामाजी. पुसायचं.”

“झेंडीबी?”

“झेंडीबी.”

“कोन पुसून राहिला?”

ते मलाही माहीत नव्हतं. तिथे लोक टोपणनावाने लिहितात. या माणसाचं टोपणनाव एका पक्ष्याचं होतं, सारसाचं. मी ते सांगितलं मात्र, आणि माझे धाकटे दीर जागेवरून उठले. हे भाऊजी जवाहरनगरला कारखान्यात आहेत, सुटीवर आले होते. त्यांच्या विभागात कंप्युटर आहे म्हणून घरात त्यांना त्या क्षेत्रातले जाणकार समजतात.

“सारस!” भाऊजी म्हणाले. “वहिनी, त्याच्या पोराच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर काय रंगवलं आहे?”

पलीकडच्यांच्या मुलाच्या ट्रॉलीवर मागे दोन सारस होते, हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. मी म्हटलं, भाऊजी, सारस काय एकाच माणसाच्या मालकीचा आहे का? पण तोवर मामाजींनी कोपऱ्यातली काठी हातात घेऊन तिचं वजन पाहायला सुरुवात केली होती, आणि माझ्या बोलण्यात, खरं सांगायचं तर, फारसा जोर नव्हता. मला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी लाखांदूरच्या बस स्टँडबाहेर ते झालं. शाळा सुटून मी बसची वाट बघत होते. पलीकडच्यांचा मुलगा, पंचेचाळिशीचा गृहस्थ, खताची पोती ट्रॉलीत चढवत होता. भाऊजी आणि आमचे दोन चुलत दीर मागून गेले. पहिला फटका पाठीत बसला, पोतं फुटलं, पांढरं खत सगळ्यांच्या तोंडावर उडालं. पहिली दोन मिनिटं मी, लपवत नाही, खूश होते. काय रंग होता त्याला!

“लेख वगळतोस बे? वगळतोस?”

“काय वगळतो? मले तं कंप्युटर चालू करता नाई येत!”

“झूट नको बोलू! सारस कोन आहे?”

“पेंटरले विचार ना! मी तं मोर सांगतलो होतो!”

भाऊजींनी त्याचा हात मागे पिरगाळला. आणि मग आवाज आला. ओली फांदी मोडल्यासारखा नाही, तसं लोक उगाच लिहितात. तो एक बारीक, आतला आवाज होता, कुणीतरी पाटीवर पेन्सिल टेकवल्यासारखा. हात खांद्यातून निखळला होता. तो माणूस ओरडला नाही. तोंड उघडून, ओठांवर खताचे कण घेऊन, आवाज न करता खाली बसला. त्या क्षणी मला पहिल्यांदाच माझी बस कुठे आहे हे बघावंसं वाटलं.

संध्याकाळी मोबाइलवर चर्चापान उघडलं. आपला सारस तिथे शांतपणे लिहून गेला होता की तो समुद्रकाठच्या एका शहरात राहतो, विदर्भात कधी आलेला नाही, पण पटाविषयी वाचायला त्याला आवडेल, फक्त छापील आणि स्वतंत्र संदर्भ मिळावा. खाली एक नम्र प्रश्न: लेखात उल्लेख असलेल्या व्यक्तीशी आपले काही नाते आहे का?

मी लिहिलं, “रक्ताचे नाही.” हे शंभर टक्के खरं होतं.

भाऊजींना तो मजकूर दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आणि सकाळी उठून, केलेल्या चुकीची भरपाई म्हणून, दुसरी चूक करायला निघाले.

“वहिनी, तिथं ठेवा नाई तं वगळा, असंच लिवाचं असते ना?”

“हो, पण ते मतदान नाही भाऊजी. तिथे माणसं मोजत नाहीत, मुद्दे बघतात.”

“असं ग्रामपंचायतीतबी म्हनतेत,” भाऊजी म्हणाले आणि गेले.

त्यांनी निवडणूक लावली. गावातली चाळीसेक माणसं ट्रॅक्टरने लाखांदूरच्या सेवा केंद्रावर नेली, जिथे सातबारा आणि उत्पन्नाचे दाखले निघतात. पोहे दिले, चहा दिला. एकाच कंप्युटरवर बसून, एका तासात, चाळीस नवी खाती उघडली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं भाऊजींनी लिहिलं, ज्यांना येत होतं त्यांचंही भाऊजींनीच लिहिलं. चाळीसही जणांनी एकच वाक्य दिलं: “ठेवा. मी स्वतः डोळ्यांनी पाहिले आहे.”

परत येताना ट्रॉलीत गुलाल उधळला गेला.

मी दुपारी ग्रंथालयात बसून पाहिलं, आणि त्या बस स्टँडपेक्षा ही कत्तल मोठी होती. त्या कोशाचा एक प्रचालक, म्हणजे ज्याच्या हातात पान उडवण्याची चावी असते असा स्वयंसेवक, तिथे उतरला आणि एकेक मत कापत गेला. प्रत्येकाच्या अंगावरून आडवी रेघ. चाळीस प्रेतं एकाखाली एक. एकाच ठिकाणाहून काढलेली खाती म्हणून सगळी बंद. आमचे सरपंच बंद, पोलीस पाटील बंद, तीन वर्षांपूर्वी वारलेले एक आजोबा, ज्यांचं नाव भाऊजींनी भरीला घातलं होतं, तेही बंद. आणि शेवटी प्रचालकाचं एक वाक्य: प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष येथे संदर्भ मानली जात नाही.

हे वाक्य मामाजींना समजावून सांगताना मला घाम फुटला.

“ज्यानं पाह्यलं, त्याचं चालत नाई?”

“नाही.”

“अन् ज्यानं नुसतं वाचलं, त्याचं चालते?”

“हो मामाजी. छापलेलं वाचलं असेल तर.”

“मंग मी तिथं होतो, याचा काहीच फायदा नाई,” ते म्हणाले. मला त्या ज्ञानकोशाचे सगळे नियम पाठ आहेत आणि ते बरोबरच आहेत. पण त्या माणसाला मी मान हलवून ‘नाही’ म्हटलं तेव्हा माझ्या मानेला ते जड गेलं.

छापलेलं काय होतं? पटाची बातमी कुठल्याशा वर्तमानपत्रात आली होती हे सगळ्यांनाच आठवत होतं. आमचा अंक उधईने, म्हणजे वाळवीने, खाल्ला. शाळेच्या ग्रंथालयात इतके जुने गठ्ठे नाहीत. ते कात्रण जगात एकाच ठिकाणी शिल्लक होतं, आणि तेही सगळ्यांना माहीत होतं: पलीकडच्यांच्या बैठकीत, काचेच्या फ्रेममध्ये, छताजवळ. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते मान वर करून दाखवत आणि सांगत, “पाहा, पेपरात आहे, पट मी जिंकलो.”

रविवारी, मुदतीला दोन दिवस उरले असताना, मामाजी धुतलेलं धोतर नेसून अंगणात आले.

“गाडी काढ बाई.”

मी स्कूटी काढली. पाळीवरून जाताना ते माझ्या मागे ताठ बसले होते आणि काठी आडवी धरल्यामुळे समोरून येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला उतरावं लागत होतं. मी म्हटलं, “मामाजी, मागायला चाललो आहोत, काठी कशाला?” ते म्हणाले, “त्याले वाटाले नको का मी म्हातारा झालो म्हनून आनली.”

दारात पलीकडच्यांचा मुलगा होता, हात झोळीत. त्याने मला ओळखलं. स्टँडवर उभी राहून बघणारी बाई त्याला दिसली होती. नुसता बाजूला झाला. मी खाली बघून आत गेले. त्याच्या बायकोने पाण्याचा लोटा आणून ठेवला.

पलीकडचे खाटेवर बसले होते. वाळलेले, उंच, तोंडात कवळी. त्यांनी मामाजींना वरून खालपर्यंत पाहिलं.

“काहून आलास? उरलेला कान द्याले?”

“चावाले दात आहेत का?”

“नवे आहेत. पाहा लावून.”

मला वाटलं, झालं. पण मामाजी बसले. त्यांना मागता येईना. ज्या माणसाला आयुष्यभर शिव्या दिल्या त्याला ‘दे’ हा शब्द कसा म्हणायचा? शेवटी मीच सांगितलं. लेख, लाल चौकट, सात दिवस, कात्रण. पलीकडचे ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला.

“म्हंजे तुया जिंकन्याचा पुरावा माया घरात आहे?”

“हाव,” मामाजी म्हणाले. तो ‘हाव’ त्यांच्या घशातून कसा बाहेर आला ते मी पाहिलं.

“पन त्यात तं मी जिंकलो लिवलं आहे!”

“मंग दाखव ना. भेतोस काहून?”

मुलाने एका हाताने फ्रेम उतरवली. काचेआड पिवळा कागद, मोठा मथळा, खाली तीन-चार ओळी. हाणामारीची बातमी. दोघांची नावं होती, अंतिम फेरी होती, आणि ओळी मध्येच संपत होत्या. कोण जिंकलं हे नव्हतं. शिवाय संदर्भ द्यायचा तर वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान लागतं, तेही दिसत नव्हतं. मी सवयीने फ्रेम उलटी करून खिळे वाकवायला लागले.

“उघडू नको,” पलीकडचे एकदम म्हणाले. आवाज वेगळाच होता.

तोवर कागद माझ्या हातात आला होता. तो खालून दुमडलेला होता. घडी इतकी जुनी की तिचा रंगच बदलला होता. मी ती उघडली, खिशातून मोबाइल काढून आधी फोटो घेतला, कारण जुना कागद हातात आला की ग्रंथपाल आधी तेच करतो, आणि मग दुमडलेल्या ओळी वाचल्या. तळाशी वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान, सगळं होतं.

“मोठ्यानं वाच,” मामाजी म्हणाले.

मी मोठ्याने वाचलं. त्यात एवढंच होतं की दोन्ही जोड्या बरोबरीने आल्याचं लोक सांगतात, मात्र झेंडी वर करण्याआधीच पंचाच्या डोक्यात काठी बसून तो बेशुद्ध पडला, त्यामुळे निकाल जाहीर झालाच नाही.

“पंचाला कुणी मारलं?” मी विचारलं.

दोघांनीही त्याच क्षणी एकमेकांकडे बोट दाखवलं. आणि मग, मी हे कधी विसरणार नाही, दोघांचीही बोटं हळूहळू खाली आली. त्यांना माहीत होतं. तीस-पस्तीस वर्षं दोघांनाही माहीत होतं. एकाने ती ओळ घडी घालून लपवली होती, आणि दुसऱ्याने ती झेंडी इतक्यांदा उंच केली होती की ती खरीच फडकू लागली होती.

“हे तिथं लिवनार का तू?” मामाजींनी मला विचारलं.

“हा संदर्भ दिला तर लेख राहील, मामाजी. पण जे छापलं आहे तेच लिहावं लागेल.”

“म्हंजे पूरी दुनिया वाचनार का कोनीच जिंकलं नाई.”

“हो.”

त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी तो नीट पाहिला, चष्म्याजवळ नेला, दूर धरला, मग एकदा, दोनदा, तीनदा दुमडला, आणि तोंडात टाकला.

“अबे! माया पेपर!”

पलीकडचे खाटेवरून झेपावले. वय ऐंशीच्या घरात, पण झेप पटातल्या बैलाची होती. दोघे फरशीवर पडले, फ्रेम खाली आली, काच फुटली. पलीकडच्यांनी डाव्या हाताने मामाजींचा जबडा दाबला आणि उजव्या हाताची दोन बोटं सरळ तोंडात घातली. मामाजींनी चावा घेतला. असा चावा मी पाहिला नव्हता. बोटं आत, दात बंद, दोघांचेही डोळे एकमेकांपासून वीतभर अंतरावर. रक्त हनुवटीवरून धोतरावर. पलीकडच्यांनी सुटका करण्यासाठी कपाळ मामाजींच्या नाकावर आपटलं. मामाजींनी गुडघा त्यांच्या पोटात दिला, तेव्हा त्यांची कवळी उडून पाण्याच्या लोट्याला लागून टणकन वाजली. मुलगा एका हाताने मामाजींची काठी हिसकायला बघत होता. काठीचं दुसरं टोक माझ्या हातात कसं आलं मला माहीत नाही. मी ओढली, तो ओढत होता, त्याच्या निखळलेल्या खांद्याला हिसका बसला आणि तो कळवळला. मी काठी सोडून दिली आणि माझ्या नकळत म्हणाले, “दादा, माफ करा.” त्या गदारोळात ते कुणी ऐकलं की नाही, देव जाणे.

मामाजींनी बोटं सोडली ती गिळण्यासाठी. उठून बसले, लोटा उचलला, पलीकडच्यांच्याच घरचं पाणी घटाघटा प्याले, आणि तोंड उघडून दाखवलं. आत काहीच नव्हतं.

“घे,” ते म्हणाले. “आता कर फ्रेम.”

परतीच्या वाटेवर त्यांचं नाक सुजलेलं होतं आणि ते माझ्या मागे बसून गुणगुणत होते.

मंगळवारी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, मी रजा टाकून घरीच होते. खिशात मोबाइल, मोबाइलमध्ये फोटो. तारीख, पान, सगळं स्वच्छ. पंधरा मिनिटांचं काम होतं. लेख टिकला असता, संदर्भासकट, पक्का, कुणाची हिंमत नसती पुन्हा हात लावण्याची. माझ्या हातून घडलेलं ते सगळ्यात चांगलं काम ठरलं असतं. फक्त ते मामाजींना आणि त्यांच्या वैऱ्याला एकाच ओळीत गाडून गेलं असतं.

अकराच्या सुमारास पाळीवरून चालत पलीकडचे आले. दोन बोटांना पट्टी. आमच्या अंगणात त्यांनी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. मामाजी खुर्चीतून उठले, पण पलीकडच्यांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते सरळ माझ्यासमोर उभे राहिले.

“बाई, तू फोटू काढलीस. मी पाह्यलो.”

मामाजी माझ्याकडे वळले. त्यांना माहीत नव्हतं. दोन म्हातारे, एकाचं नाक सुजलेलं, एकाची बोटं फाटलेली, आणि दोघांच्याही डोळ्यांत एकच भीती. मारामारीत मी ती कुणाच्याच डोळ्यांत कधी पाहिली नव्हती.

“काढला होता,” मी म्हटलं.

मोबाइल बाहेर काढला. दोघांना दोन बाजूंना बसवलं. फोटो दाखवला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पुसला. मग चर्चापान उघडलं आणि सर्वात खाली, माझ्याच लेखाखाली, लिहिलं: वगळा. लेखिका या नात्याने कळवते की संदर्भ उपलब्ध नाही. यातला प्रत्येक शब्द खरा होता. संदर्भ मामाजींच्या पोटात होता, आणि तोही आता कुठे असेल सांगता येत नव्हतं.

समुद्रकाठच्या सारसाने लगेच आभार मानले. नवऱ्याने, भांडण नसेल अशी खात्री झाल्यावर, शेतातून येऊन चहा टाकला. दोघे म्हातारे उठले नाहीत, चहावर चहा होत गेला. चारच्या सुमारास मी पुन्हा पान उघडलं. लेख गेला होता. पट, झेंडी, नाव, सगळं.

“काय लिवलं आहे तिथं आता?” मामाजींनी विचारलं.

“लिहिलं आहे की असा लेखच नाही. कुणाला हवा असेल तर त्याने नव्याने लिहावा.”

दोघांनीही एक मोठा श्वास सोडला. पलीकडचे चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवत म्हणाले, “म्हंजे आता कोनाकडंच काही पुरावा नाई.”

“नाई,” मामाजी म्हणाले. मग सुजलेल्या नाकाने, अगदी गोड आवाजात म्हणाले, “पन माये बैल हातभर पुढं होते.”

मी कप उचलले, बशा उचलल्या, स्टूल भिंतीकडे सरकवलं, आणि दारात उभी राहिले.